रिक्षातली मुकी बाई

शेअर रिक्षात स्वतःचाच आवाज कानावर पडला तेव्हा वर्षालीचा हात आधी गळ्याकडे गेला. क्षणभर तिला वाटलं, आपणच तोंड उघडलं. इतके दिवस पाळलेलं मौन नकळत सुटलं आणि आता डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं. मग कळलं, आवाज पाठीमागून, सीटच्या वर ठोकलेल्या स्पीकरमधून येतोय. रिक्षा मोशीच्या गर्दीतून सुटून इंद्रायणीच्या पुलाकडे निघाली होती. पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक जण अर्धवट टेकलेला, मागे दाटीवाटीनं चौघं, आणि या सगळ्यांच्या डोक्यांवरून तिचा दोन वर्षांपूर्वीचा आवाज वाहत होता:

दार लोटून घे, निघतो मी,
कडी घालू नको एवढ्यात,
मागे काहीतरी राहतंच माझं
रोज, निघायच्या नादात.

स्वच्छ आवाज होता. पुढे काय वाढून ठेवलंय याची खबर नसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा. ‘मागे’ या शब्दावरचा तो छोटा हेलकावा तिनं मुद्दाम घेतला नव्हता. तिथं श्वास पुरला नव्हता म्हणून सूर जरासा पडला होता, आणि लोकांना नेमका तोच आवडला होता. ड्रायव्हरनं एका हातानं आवाज आणखी वाढवला. कोपऱ्यातला माणूस जांभई देत राहिला. पण वर्षालीला खेटून बसलेल्या बाईचे ओठ हलायला लागले. पन्नाशीची, अंगानं काटकुळी, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली. ती शब्द गाण्याच्या किंचित आधी म्हणत होती, वर्षानुवर्षं आरती म्हणणारी माणसं म्हणतात तशी. वर्षालीनं धुळीसाठी तोंडाला बांधलेली ओढणी नाकावर आणखी वर ओढली.

“बोलायचं नाही,” चिंचवडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. “आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्यानं जास्त ताण येतो.” समोरच्या पडद्यावर वर्षालीच्याच गळ्याच्या आतलं चित्र होतं. दोन पांढुरक्या पट्ट्या, आणि त्यांच्या कडांना समोरासमोर उगवलेल्या दोन गाठी, साबुदाण्याएवढ्याही नसतील. एवढ्याशा गोष्टीनं आपल्याला गप्प केलं याचं तिला तेव्हा हसू आलं होतं. विश्रांतीनं विरल्या तर उत्तम, नाहीतर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज होता तसाच राहील असं वचन मी देणार नाही, असं बाई म्हणाल्या तेव्हा मात्र हसू गेलं. घरी आई दोघींच्या वाटचं बोलायला लागली. “भाजी कुठली करू? भेंडी ना? हं, भेंडीच करते.” वर्षाली बहिरी झाल्यासारखी आई तिच्याशी मोठ्यानं बोलायची, आणि बोलता बोलता मध्येच थांबून ओट्याकडे तोंड फिरवायची. ते थांबणं वर्षालीला सोसेना. म्हणून आज दुपारचं जेवण होताच ती चपला घालून निघाली, भोसरीपर्यंत बसनं आली आणि समोर जी रिक्षा भरत होती तीत शिरली. चाकण, चाकण, असं ड्रायव्हर ओरडत होता. चाकण तर चाकण.

पूर्वी हेच तिचं रियाजाइतकं नेमाचं काम होतं. तळवड्याला कंपनीत होती तेव्हा बस, रिक्षा, जे मिळेल त्यात बसायचं आणि कान मोकळे सोडायचे. गाणी तिला सुचत नसत, सापडत. कुणी फोनवर म्हणे, “नको येऊस, मीच आता निघाले.” कुणी म्हणे, “मला काय, मी जेवलेलाच असतो.” असं एखादं वाक्य बोटाला कुसळ लागावं तसं लागायचं आणि संध्याकाळपर्यंत ठसठसत राहायचं, मग रात्री गिटार घेतली की त्याला चाल फुटायची. नोकरी सोडली तीही याच भरवशावर. मग हे गाणं आलं, आणि गेलं ते कुठल्या कुठे गेलं. नांदेडच्या एका नर्सनं लिहिलं, आजोबांच्या श्राद्धाचं पान वाढताना आम्ही हे लावलं होतं. एकानं ‘कडी घालू नको’ ही ओळ हातावर गोंदवून फोटो पाठवला. तिला त्यात एक पैंजण आणि एक कुत्र्याचं पाऊल असं का काढलंय ते कळलं नाही, पण विचारायचं धाडस झालं नाही. पहिल्यांदा ती प्रत्येकाला उत्तर लिहायची, सावकाश, नावानिशी. मग नुसतं हृदयाचं चिन्ह. आणि सगळ्यांच्या प्रेमाच्या तळाशी एकच मागणं असायचं: ताई, तसंच अजून एक. तिनं तशी आणखी तीन केली. ती त्या गाण्याची धाकटी भावंडं होती, थोरल्याचे कपडे घालून आलेली. कानात इअरफोन घालून बंद गाडीतून फिरायची सवय लागली होती. वाक्यं लागेनाशी झाली.

आणि मूळ गाणं तरी काय होतं? बाबा. नंदकिशोर, पहिल्या पाळीला जाणारे, रोज काहीतरी विसरणारे. डबा, ओळखपत्र, रुमाल. दाराबाहेर पडताना ते आईला म्हणायचे, दार नुसतं लोटून घे, कडी नको एवढ्यात. आणि खरोखरच जिन्यातून उलटे यायचे. कंपनीच्या बसचा भोंगा खाली वाजला की मगच आई कडी लावायची. त्या कडीच्या आवाजावर वर्षालीचं सगळं लहानपण जागं झालेलं होतं. एवढंच. गाणं झालं तेव्हा बाबा शेजारच्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसलेले होते. त्यांनी ऐकलं आणि पडेल चेहऱ्यानं म्हणाले, “बाकी ठीक आहे. पण रोज कुठं विसरायचो मी?” पुढच्या वर्षी ते गेले. मग लोक जे समजत होते तेच गाणं खरं झालं. कार्यक्रमात समोरची माणसं त्या ओळीला डोळे पुसायची आणि तिला वाटायचं, आपलं रडणं यांच्या रडण्याहून उणं पडता कामा नये. तिथपासून ती ते गाणं गात नव्हती, ओढून काढत होती. गाठी कशानं झाल्या हे डॉक्टरीणबाईंनी शास्त्रात सांगितलं होतं. वर्षालीला ते आधीच माहीत होतं.

“कुठं निघालीस गं?” शेजारच्या बाईनं विचारलं. गाणं संपून जाहिरात लागली होती.

वर्षालीनं गळ्याला बोट लावलं आणि हात हलवला. मग फोनवर लिहून दाखवलं. बाईनं फोन लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. “चष्मा न्हाई आणला बाई.” मग तिच्याकडे निरखून पाहिलं आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. “बोलता येत न्हाई व्हय तुला? ऐकू येतंय न्हवं पण?”

वर्षालीनं मान हलवली.

“मंग झालं तर. माझ्या चुलत्याची पोरगी हाय करमाळ्याला, अशीच. लई हुशार. मी सुमन. सुमनताई म्हणत्यात समदी.” आणि जणू मुक्या माणसापाशी बोलायला कुणाची परवानगी लागत नाही असं, ती बोलतच सुटली. भोसरीत एका शेडमध्ये ती रबराच्या पार्टच्या कडेला उरलेली झालर कात्रीनं कापायची. आज गुरुवार, शेडला सुट्टी. “हे गाणं ऐकलंयस का कधी? माझ्या पोराचं हाय हे. म्हंजी त्यानं न्हाई म्हटलेलं, पण त्याचंच. दिसरात लावायचा. मी म्हणायची, बंटी, बंद कर की रं ते रडगाणं.” ती हसली. “आता मीच लावून घेती पिंटूकडनं. शेजारी हाय पिंटू.”

बंटी गेला होता. लांब नाही, चाकणलाच. कंपनीत बरोबर असलेल्या तनुजाशी त्यानं आळंदीला जाऊन लग्न केलं, आणि जोडीनं पाया पडायला आला तेव्हा सुमनताईंनी दारातच सांगितलं, परत येऊ नको. “आन् ते येडं खरंच आलं न्हाई. पावसाळ्यापास्नं.” तिनं पिशवीवरची पकड घट्ट केली. “ही गाणारी बाई कोण हाय ठाव न्हाई मला. पण तिचं कुणीतरी गेलंय बघ. त्याबिगर असं पोटातनं येत न्हाई. ती म्हणती ना, कडी घालू नको? मी घालतच न्हाई. नुसतं दार लोटून झोपती. येईल तर येईल. गेल्या महिन्यात गॅसची टाकी नेली कुणीतरी. शेजारीण वरडली माझ्यावर. म्हटलं, नेऊ दे. टाकी काय, दुसरी मिळती.”

भोसरीतल्या त्या खोल्या वर्षालीनं पाहिल्या होत्या, एकाला एक चिकटलेल्या, पुढे अरुंद बोळ, बोळात अनोळखी चपला. त्यातली एक खोली, आत ही काटकुळी बाई एकटी झोपलेली, आणि दार उघडं. कशामुळं? तर थेरगावच्या एका खोलीत, रेकॉर्डिंगसाठी भिंतीला गाद्या लावून, श्वास न पुरता म्हटलेल्या एका ओळीमुळं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं: अहो, रुमालासाठी होतं ते. डब्यासाठी. माझे बाबा विसराळू होते हो. कडी लावा आज घरी गेल्यावर. तिनं हातानं कडी लावल्याची खूण केली, पुन्हा पुन्हा. सुमनताईंनी ती खूण पाहिली आणि कौतुकानं मान डोलावली. “व्हय व्हय. तेच म्हणती ना ती. घालू नको.”

चाकणच्या चौकाअलीकडे सुमनताई उतरल्या आणि वर्षालीही उतरली. का, ते तिला सांगता आलं नसतं. सुमनताईंना त्यात काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी तिचं मनगट धरलं, ट्रकांच्या रांगेतून वाट काढली आणि आतल्या रस्त्यानं तिला चालवत एका कंपनीच्या गेटासमोर, रसवंतीच्या गाड्याच्या आडोशाला आणून उभं केलं. ऊन पत्र्यासारखं तापलं होतं. गेटाबाहेर बसगाड्या उभ्या होत्या, पहिली पाळी सुटायची होती. “दर गुरवारी येती मी,” सुमनताई म्हणाल्या. “त्यो निघतो, त्या तिकडं गाडी लावलेली असती, तिकडं जातो. मी बघती. परत जाती.” मग जरा थांबून, “हाक मारायलाच येती खरं तर. आज मारतेच म्हणती. तोंड उघडती आन् घसा दाटतो. नाव हितं येऊन बसतं.” त्यांनी गळ्याच्या खाचेत बोट टेकवलं.

नाव हितं येऊन बसतं. वर्षालीला ते लागलं. कित्येक महिन्यांनी पुन्हा तसं, बोटाला कुसळ लागावं तसं. तिच्या आत चाल हलायलाही लागली होती, ‘बसतं’वर खाली उतरणारी, आणि तिच्या ध्यानात आलं, आपल्या अंगठ्यानं पर्समधल्या फोनवर लिहायचं पान उघडलेलं आहे. शेजारी ही बाई उन्हात उभी, घामानं कपाळावरचं कुंकू ओघळलेलं, आणि आपण तिचं वाक्य उचलतोय. बाबांचं उचललं तसं. तिनं फोन बंद केला आणि पर्सची चेन ओढली. मग हात मोकळे राहिले, त्यांचं काय करायचं ते तिला कळेना.

भोंगा झाला. करड्या गणवेशातली माणसं आधी तुरळक, मग लोंढ्यानं बाहेर पडली. डबे वाजत होते, कुणी कुणाला शिव्या देत हसत होतं. मनगटावरची सुमनताईंची बोटं एकाएकी रुतली. “त्यो. निळी पिशवी.” खांदे पुढे काढून चालणारा एक उंच मुलगा, मान खाली. सुमनताईंचं तोंड उघडलं. वर्षालीनं ते अगदी जवळून पाहिलं: ओठ ‘ब’साठी मिटले, सुटले, आतून काही आलं नाही. पुन्हा मिटले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मुलगा त्यांच्या समोरून पुढे गेला. त्याची पाठ दिसायला लागली. पाठीवर घामाचा मोठा डाग होता. दोन बसगाड्यांच्या मधल्या फटीत तो शिरला की संपलं, पुढच्या गुरुवारपर्यंत.

वर्षालीनं तोंडावरची ओढणी खाली ओढली.

“बंटी!”

तो आवाज तिनं स्वतःही ओळखला नाही. त्याला सूर नव्हता, वजन नव्हतं, जुना पत्रा फाडावा तसा तो निघाला. गळ्यात काहीतरी चरचरत गेलं. मुलगा थांबला नाही. तिनं छाती भरून घेतली आणि आयुष्यभर जपून वापरलेला श्वास एकदम सोडला. “ए बंट्याऽऽ!”

चार-पाच माणसं वळली. त्यात तोही वळला. अनोळखी बाईला पाहून गोंधळला, आपल्या मागे दुसरा कुणी बंटी आहे का ते त्यानं पाहिलं, मग दोन पावलं परत आला आणि गाड्याच्या आडोशाला, पदराचा बोळा तोंडात धरून उभी असलेली आई त्याला दिसली.

“आई? हितं काय करतीस उन्हात?”

“काय न्हाई,” सुमनताई म्हणाल्या. आता आवाज फुटला होता. “हिच्यासंगं आलते. रस पितूस का?”

रसवाल्यानं न सांगताच चरकात ऊस घातला. त्या खडखडाटात दोघं एकमेकांकडे न बघता उभी राहिली. मग बंटीच एकदम म्हणाला, “पिंटूनं सांगितलं मला, टाकी गेली म्हणून. दार उघडं टाकून झोपतीस व्हय गं तू? एकटी बाईमाणूस?”

“तूच ऐकवायचास ना. कडी घालू नको म्हणून.”

“आगं आई, गाणं हाय ते!”

“मंग? गाणं खोटं असतंय व्हय?”

बंटीनं पायाशी पडलेलं उसाचं चिपाड बाजूला सारलं.

“मी येणारच होतो,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “पण तूच म्हणालीस, परत येऊ नको.”

“आई म्हणती तसलं. ते ऐकायचं नसतंय.”

“मंग कोणतं ऐकायचं आन् कोणतं न्हाई, ते सांगत जा की.” त्यानं बाहीनं तोंड पुसलं, घाम पुसल्यासारखं. मग म्हणाला, “तनुजा घरी हाय. आज तिला दुसरी पाळी न्हाई. चल.” आणि त्यानं आईची पिशवी स्वतःकडे घेतली. तेव्हा कुठे त्याची नजर वर्षालीवर नीट गेली. तो बघत राहिला. फोनच्या पडद्यावर पाहिलेला चेहरा समोरच्या घामेजल्या चेहऱ्याशी जुळवत होता. “मॅडम, तुमी… वर्षाली ना तुमी? ते गाणं…”

“कोण वर्षाली?” सुमनताई म्हणाल्या. “मुकी हाय ती बिचारी.”

“मुकी? आई, मंग आत्ता हाक कुणी मारली?”

सुमनताईंनी वर्षालीकडे पाहिलं. ऐकलं होतं त्यांनी, हातभर अंतरावरून ऐकलं होतं. रिक्षातलं सगळं बोलणं आता त्यांच्या डोळ्यांतून मागे जाताना वर्षालीला दिसलं: मुकी समजून जे जे सांगितलं ते, करमाळ्याची बहीण, टाकी, गळ्याची खाच. आता ही बाई आपल्याला बोलेल, आणि बोललीच पाहिजे, असं तिला वाटलं. माफी मागायला तिनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. आवाज गेला होता, खरंच गेला होता, तळाशी गाळसुद्धा उरला नव्हता. सुमनताईंनी ते उघडं तोंड पाहिलं. मघा गेटासमोर आपलंही तोंड असंच उघडं होतं हे त्यांना आठवलं असेल का, वर्षालीला कधीच कळलं नाही.

“मी मारली,” सुमनताई ठाम म्हणाल्या. “आई कुणाची हाय मी? मीच मारली हाक.”

“पण तुझा आवाज असा कुठं…”

“तीन तास उन्हात हुबी हाय. बसला घसा.” त्या वर्षालीकडे वळल्या. “हो का न्हाई गं?”

वर्षालीनं मान हलवली. हो.

मोटारसायकलवर मुलाच्या मागे बसताना सुमनताईंनी एका रिक्षावाल्याला थांबवून दोनदा बजावलं, हिला भोसरीला नीट उतरव, वाटेत काही विचारू नकोस, तिला बोलायचं न्हाई. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. परतीच्या वाटेवर वर्षाली कडेला बसली होती. तोंडात लोखंडासारखी चव होती. शेजारी दोन बायका कुणाच्या तरी बारशाबद्दल बोलत होत्या. ते नुसतं बोलणं होतं, आणि ती नुसती ऐकत होती. ‘नाव हितं येऊन बसतं’ एकदा आठवलं. तिनं ते तसंच जाऊ दिलं. ते नाव ज्याचं होतं त्याच्याकडे गेलं होतं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला आणि चष्मा काढून ठेवला. सूज आली होती, एका बाजूला रक्त साकळलं होतं. “ओरडलात तुम्ही,” त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं. वर्षालीनं मान हलवली. आता ऑपरेशन टळणार नव्हतं. आई बाहेरच्या बाकावर ते ऐकून रडली, मग घरापर्यंत भांडली, एकटीच, दोघींच्या वतीनं: “काय गरज होती? कुणासाठी? हं, सांगू नकोस, माहितेय मला, तू अशीच.” वर्षालीनं रिक्षात आईचा हात हातात धरून ठेवला. भीती होती. पुढं आवाज कसा असेल, असेल का, कोण ऐकेल. पण त्या भीतीत पूर्वीचं ओझं नव्हतं. कुणासारखं रडायचं नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, पलंगावर पडल्या पडल्या, ती ढीगभर साचलेले निरोप वाचत होती. ताई, बरं वाटतंय का. ताई, नवीन कधी. त्यात एक होता. फोटोच्या जागी निळ्या गाडीजवळ उभी असलेली तिघं होती, मधली बाई ऊन लागून डोळे मिटलेली. खाली लिहिलं होतं: ‘मॅडम, मी बंटी. चाकणच्या गेटवर भेटलो होतो. मी सगळ्यांना सांगतो की तुम्हीच मला हाक मारली होती. कुणी विश्वास ठेवत नाही. आई तर भांडते. म्हणते, हाक तिनंच मारली, माझ्या ऐकण्यात चूक झाली. प्लीज खरं काय ते सांगा.’

वर्षालीनं तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. स्वयंपाकघरात आई कुणाशी तरी फोनवर बोलत होती. मग तिनं पहिल्या दिवसांत लिहायची तसं, सावकाश, नावानिशी उत्तर लिहिलं:

‘बंटी, तुमच्या ऐकण्यात चूक झाली. हाक आईनंच मारली होती.’